आजोबांच्या फियाटच्या इंजिनातला गंज कसा काढावा?

फियाटवाली | रविवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९६५ची फियाट ११०० डी आहे. आजोबांनी नंबर लावून, काही वर्षं वाट बघून घेतलेली. त्यांच्यानंतर बाबांनी चालवली. गेली अकरा वर्षं मात्र ती कोथरूडला आमच्या पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभी होती. बाबा महिन्यातून एकदा सुरू करायचे, दहा मिनिटं चालू ठेवून बंद करायचे. मागच्या वर्षी मी ती हातात घेतली. ब्रेक, वायरिंग, कार्ब्युरेटर, टायर एवढं झालं. इंजिनाचा आवाज अजून गोड आहे. दुखणं आहे ते इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक चालतं. पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ लागला की बाबांनी बसवून घेतलेल्या तापमानाच्या मीटरचा काटा झरझर वर जातो. गाडी थांबवून बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ. काल इंजिन गार असताना झाकण काढून पाहिलं तर आत गेरू कालवल्यासारखं पाणी. बोट फिरवलं तर बोटाला विटकरी चिखल लागला. पाणी सोडायचा खालचा कॉक उघडला, आधी काहीच आलं नाही, तारेने डिवचल्यावर थेंब थेंब सुरू झाले. सगळं पाणी काढून पुन्हा मोजून भरलं तर पुस्तकात दिलंय त्यापेक्षा पाऊण लिटर कमी मावलं.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, बिडाचा आहे, त्याच्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, रेडिएटर तांब्या-पितळेचा, मूळचाच. तिन्ही धातूंना चालेल असं काय वापरावं? आजी ८८ वर्षांची आहे. आजोबा दर वर्षी तिला याच गाडीतून जेजुरीला नेत. चंपाषष्ठीच्या आसपास तिला पुन्हा न्यायचंय, म्हणजे हातात साधारण दोन महिने आहेत.

कात्रजकर | रविवार, सकाळी ९.५०

ताई, एवढा विचार नको. बाथरूम धुवायचं ॲसिड पाण्यात घालून वीस मिनिटं इंजिन चालवा, सगळं लालभडक निघेल. आणि थर्मोस्टॅट, ती पाणी तापेपर्यंत वाट अडवणारी झडप, काढून फेकून द्या. आपल्याकडे काही बर्फ पडत नाही. माझ्या जुन्या जीपला हेच केलं होतं.

लिटमस | रविवार, सकाळी १०.२५

कृपया हे करू नका. फियाटवाली ताई, तुमच्या गाडीत तर नकोच नको.

बाथरूमच्या त्या ॲसिडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं. ते गंज खातं हे खरं, पण गंज संपल्यावर थांबत नाही. बीड खातं, आणि ॲल्युमिनियम तर त्याहून वेगाने. तुमच्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा आणि गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगची) बैठक खराब झाली की नवं हेड आणायचं कुठून? शिवाय क्लोराइड बिडाच्या बारीक छिद्रांत मुरून राहतं. कितीही धुतलं तरी मागे थोडं उरतंच, आणि आठ दिवसांत पुन्हा गंज चढतो.

दुसऱ्या टोकाचा सल्लाही लवकरच येईल म्हणून आत्ताच सांगते: कॉस्टिक सोडा नको. तेल आणि ग्रीस काढायला तो उत्तम आहे, पण ॲल्युमिनियम त्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. साधा धुण्याचा सोडासुद्धा गरम आणि दाट असेल तर ॲल्युमिनियम काळं पाडतो.

तिन्ही धातूंना त्यातल्या त्यात सोसेल असं म्हणजे लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं ते. सायट्रिक ॲसिड लोखंडाच्या कणांना धरून पाण्यात ठेवतं, त्यामुळे सुटलेला गंज परत दुसरीकडे बसत नाही. मात्र तेही ॲसिडच आहे. रात्रभर भरून ठेवण्याची वस्तू नव्हे.

दापोडी_निवृत्त | रविवार, दुपारी १२.०५

लिटमसबाईंशी सहमत. मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. इंजिनं आयुष्यभर उघडली, म्हणून सविस्तर लिहितो.

पोरी, तू मोजून पाणी भरलंस हे सर्वांत चांगलं केलंस. तो कमी पडलेला पाऊण लिटर म्हणजे आत बसलेला गाळ. पातळ थर ॲसिडने जातो. गाळ जात नाही. तो हातानेच काढावा लागतो.

गाळ कुठे बसतो ते समजून घे. पंप पुढे असतो, पाणी पुढून आत शिरतं, मागे जाता जाता त्याचा वेग मंदावतो. म्हणून चौथ्या सिलिंडरच्या मागे, अगदी तळाला सगळं साचतं. त्यात गंज असतो, बोअरच्या पाण्याचा चुना असतो, आणि पुष्कळदा बीड ओतताना साच्यातली राहिलेली वाळूसुद्धा असते. गंजाचा थर बिडाच्या मानाने फारच कमी उष्णता वाहतो. सिलिंडरभोवती गोधडी गुंडाळल्यासारखं होतं. पुढचे सिलिंडर गार, मागचा भाजतोय, आणि तुझा मीटर कुठेतरी मधलाच आकडा दाखवतोय.

आधी एक खात्री कर. गरम होण्याचं कारण गंजच आहे, की हेड गॅस्केट गेलंय? इंजिन गार असताना रेडिएटर गळ्यापर्यंत भर, झाकण उघडं ठेव, पंख्याचा बेल्ट काढ आणि इंजिन एक मिनिटभर चालव. जास्त नाही. बेल्ट नाही म्हणजे पंप फिरत नाही, पाणी स्थिर. त्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. डिपस्टिकही बघ, तेल दुधाळ नको.

बुडबुडे नसतील तर पुढचं सांगतो.

नीराकाठ | रविवार, दुपारी १.३०

आमच्याकडे ट्रॅक्टरचे गंजलेले भाग उसाच्या मळीत बुडवतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे. गंज चिखलासारखा सुटतो, बिडाला काही होत नाही. मळी फुकटात मिळते. इंजिनात भरून ठेवता येईल का?

लिटमस | रविवार, दुपारी २.१०

नीराकाठ, मळी काम करते हे खरं आहे. तिच्यातले घटक लोखंडाला हळूहळू धरून ओढतात. सुटा बिडाचा भाग पिंपात बुडवायला मी स्वतः मळी वापरीन. पण ॲल्युमिनियमला ती चालत नाही, आणि इंजिनाच्या आत आंबली की वास आणि फेस दोन्ही. ताईंच्या हेडसाठी नको.

मॉरिस_४८ | रविवार, रात्री ८.४५

माझ्याकडे साइड व्हॉल्व्ह इंजिनाची मॉरिस मायनर आहे. तिला वॉटर पंपच नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं, एवढ्यावरच सगळा कारभार. अशा गाडीत गाळ जमला तर पाणी ढकलायला कोणीच नसतं. म्हणून दर दोन वर्षांनी मी आत पाहतोच. फियाटला पंप आहे हे तुमचं नशीब, पण त्याच पंपामुळे दुखणं उशिरा कळतं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग थकली असेल तर तुमचं पाणी शंभर गाठायच्या आधीच वाफ होणार. झाकण नवं घ्या, आणि जुन्यावर जो दाब छापलाय तोच घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुन्या जाळीचे सांधे उघडतील.

फियाटवाली | मंगळवार, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. काका, तुम्ही सांगितलं तसं बेल्ट काढून पाहिलं. बाबा घड्याळ धरून उभे होते. एकही बुडबुडा नाही. तेलही स्वच्छ आहे. म्हणजे गॅस्केट ठीक.

ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून तापमान दाखवणारी बंदूक आणली, लांबून नेम धरून मोजायची. इंजिन दहा मिनिटं चालवून हेडच्या पुढच्या टोकाला ८४ आणि मागच्या टोकाला १०३. काका, तुम्ही न बघता सांगितलेलं अगदी तसंच निघालं. आता पुढे?

दापोडी_निवृत्त | बुधवार, सकाळी ७.२०

आता नीट ऐक.

रेडिएटर उतरव. तो गाडीत ठेवून इंजिन धुतलंस तर सगळा चिखल त्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसेल आणि दुखणं दुप्पट होईल. थर्मोस्टॅट काढ, त्याचं घर मोकळंच परत लाव. वॉटर पंपही उतरव, त्याच्या पात्या गंजाने झिजल्या असतील तर आत्ताच कळेल. ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडायचा कॉक पूर्ण उघडून बाहेर काढ. भोक बुजलेलं असणार. तार घाल.

मग ब्लॉकच्या कडेला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या आहेत ना, गॅरेजात कोणी सील म्हणतं, कोणी बटण, त्या काढ. हे करायला लोक घाबरतात. घाबरू नकोस. छिन्नीने टिकलीच्या एका कडेला हलकेच ठोक, ती बिजागरीसारखी आडवी फिरते, मग पकडीने बाहेर ओढ. मधोमध जोरात ठोकून आत पाडू नकोस. साठ वर्षांच्या पत्र्याच्या टिकल्या आतून चाळणी झालेल्या असतात, गंजानेच भोक बुजवलेलं असतं. टिकल्या तशाच ठेवून लिंबूसत्व घातलंस तर गंज जाईल आणि त्या गळायला लागतील, तेही नेमक्या घाटात. नव्या टिकल्या पितळेच्या घाल.

भोकं उघडली की सायकलचा जुना स्पोक घे, टोकाला आकडा वाकव आणि आत घालून खरवड. जिथे सरळ जात नाही तिथे जुन्या स्पीडोमीटरच्या केबलचा तुकडा ड्रिलला लावून हळू फिरव. खरवड, पाणी मार, पुन्हा खरवड. पाणी उलट्या दिशेने मारायचं, नेहमी ज्या वाटेने बाहेर पडतं तिकडून आत. कॉम्प्रेसरची हवा सोबत दिलीस तर बरं, पण दाब दहा-बारा पौंडांच्या वर नको.

या कामाला दोन दिवस लागले तर लागू देत. मी कित्येक इंजिनं पाहिली जिथे घाईने रसायन ओतलं आणि गाळ तसाच राहिला.

कात्रजकर | बुधवार, सकाळी १०.१५

काका, तुमच्या अनुभवापुढे माझं काही नाही. माझ्या जीपचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं होतं, ॲल्युमिनियमचा विचार मी केलाच नव्हता. ॲसिडचा सल्ला मागे घेतो. पण थर्मोस्टॅटचं मला अजून पटत नाही. घाटात तो नसलेलाच बरा ना?

मॉरिस_४८ | बुधवार, सकाळी ११.४०

कात्रजकर, हा समज आपल्याकडे इतका पसरलाय की नव्वद टक्के जुन्या गाड्यांतून थर्मोस्टॅट गायब झालाय असं मला वाटतं. तो पूर्ण उघडला की पाणी जवळजवळ मोकळंच वाहतं, घाटात तो आड येत नाही. त्याचं काम सकाळी इंजिन लवकर गरम करणं. तो नसेल तर इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, झीज वाढते आणि तेलात पाणी साचून काळा चिखल होतो. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी दहा-बारा अंश असतात, तेवढंही पुरतं.

अडकलेला थर्मोस्टॅट मात्र घात करतो, म्हणून तपासून घ्यावा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगून थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

कात्रजकर | बुधवार, दुपारी १२.०५

आलं लक्षात. माझ्या जीपला परत बसवतो.

तांबटआळी | गुरुवार, सकाळी ८.००

रेडिएटरबद्दल मी लिहितो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेच्या कामातलं. चुलतभाऊ रेडिएटर करतो.

आधी नळीने उलट धुवा. रेडिएटर पालथा धरून खालच्या तोंडातून पाणी सोडा, वरच्या तोंडातून गाळ येईल. आलेलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. पाणी मोकळ्या नळ्यांमधून जातं, बुजलेल्या बुजलेल्याच राहतात. खरी कसोटी अशी: रेडिएटरमध्ये गरम पाणी भरा आणि जाळीवर हात फिरवा, किंवा ती बंदूक फिरवा. जिथे गार पट्टा लागेल तिथल्या नळ्या मेल्यात.

चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जाळी गार असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, डाख (सोल्डर) देणाऱ्या कारागिराकडे न्या. तो वरची टाकी डाख वितळवून उचलतो, प्रत्येक नळीत पट्टी घालून साफ करतो आणि टाकी पुन्हा बसवतो. हे काम येणारी माणसं कमी उरलीत, कारण नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकच्या टाकीचे, ते दुरुस्त होत नाहीत, बदलतातच. तुमचा मूळचा तांब्याचा आहे. तो बदलून ॲल्युमिनियमचा घ्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो पुन्हा पुन्हा उघडून नवा करता येतो.

तांब्याला चिंच चालते हे आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. रेडिएटरलाही सौम्य लिंबूसत्व चालतं, पण अर्ध्या तासाच्या वर नको. सांध्यांतल्या डाखेत शिसं असतं, ते पाण्यात उतरतं. ते पाणी झाडांना घालू नका.

फियाटवाली | दुसरा रविवार, रात्री १०.१०

आज दिवसभराचं सांगते. बोटं अजून विटकरी आहेत, पण फार बरं वाटतंय.

टिकल्या काढल्या. चारांपैकी पहिली सहज फिरली. मागची, इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याजवळची, काढायला दीड तास लागला, कारण छिन्नी धरायलाच जागा नव्हती. बाबांनी छिन्नी कापून आखूड करून दिली तेव्हा जमलं. टिकली हातात घेऊन उजेडाकडे धरली तर तिच्यातून आभाळ दिसत होतं. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिला हात लावला नसता.

मागच्या भोकातून पाणी आलंच नाही. आत गच्च चिखल, वरून कोरडा आणि खाली ओला. स्पोकने खरवडायला लागले तेव्हा पापुद्रे निघाले, भाकरीच्या कडेसारखे जाड. सुरुवातीला लाल, खाली खाली काळे. बादलीत गोळा करून वाळवलं आणि स्वयंपाकघरातल्या शेल्फवरचं लोहचुंबक फिरवलं तर काळा भाग उडून चिकटला, लाल तसाच राहिला. बाबा म्हणाले, यात वाळूही आहे. चिमटीत चुरून पाहिली, खरंच वाळू होती. १९६५ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली ती वाळू असेल का, हा विचार करत मी बराच वेळ बसून राहिले. आजोबांनी या गाडीत बसून जे काही पाहिलं त्या सगळ्या प्रवासात ती त्या कोपऱ्यात होती.

सगळं वाळवून स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं, ६४० ग्रॅम भरलं. आता चाचणी म्हणून पाणी मारलं की कॉकच्या भोकातून बोटाएवढी धार पडते.

रेडिएटर तांबटआळींनी सांगितलं तसा तपासला. जाळीचा उजवा तिसरा हिस्सा गार. उद्या कारागिराकडे नेते. पंपाच्या पात्या अर्ध्या खाऊन गेल्यात, बेअरिंगही हलतंय. नवा पंप लागेल.

तांबटआळी | सोमवार, सकाळी ७.४५

ताई, सुरेख काम. कारागिराला आधीच सांगा की जाळी बदलायची नाही, रॉड मारून साफ करायची. आणि नव्याने रंगवताना पातळ काळा रंग द्या, जाड थर दिला तर उष्णता अडते.

लिटमस | सोमवार, दुपारी १.१५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. काळा भाग चुंबकाला चिकटला तो मॅग्नेटाइट, ऑक्सिजन कमी असतो तिथे तयार होतो. म्हणजे तळाशी वर्षानुवर्षं ताजं पाणी पोहोचलंच नव्हतं.

आता लिंबूसत्वाचं. नव्या टिकल्या बसवून, रेडिएटर बाहेरच ठेवून करा. ब्लॉकचा वरचा आणि खालचा होज (रबरी नळी) एका बादलीत सोडा, बादलीत छोटा पंप ठेवून पाणी फिरवत राहा. कूलरमधला पंप चालतो. लिटरला ४० ग्रॅम पुरे. पाणी कोमट असू द्या, ५०-६० अंश. नळाचं धरणाचं पाणी चालेल, बोअरचं नको, त्यातल्या चुन्यावर अर्धं ॲसिड खर्च होतं. पाऊण तास फिरवा, पाणी पिवळट हिरवं होईल, ओतून द्या आणि ताजं घेऊन पुन्हा पाऊण तास. दोनदा पुरे, फार तर तीनदा. एकाच घाण्यात चार तास ठेवण्यापेक्षा हे हेडला सुरक्षित.

मग भरपूर साधं पाणी, त्यानंतर लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं. थोडा फेस येईल, येऊ द्या. पुन्हा साधं पाणी. आणि मग थांबू नका. उघडं पडलेलं स्वच्छ बीड एका रात्रीत पुन्हा लाल होतं. त्याच दिवशी कूलंट भरायचं, म्हणजे रेडिएटर तयार होऊन आल्यावरच हे काम काढायचं.

दापोडी_निवृत्त | सोमवार, संध्याकाळी ६.३०

लिटमसबाईंनी सगळं लिहिलं. मी एकच जोडतो. आमच्या वेळी पाण्यात गंज धरू नये म्हणून सोल्युबल ऑइल घालायचे, लेथवर वापरतात ते. कोणी तुला सांगितलं तर घालू नकोस. रबराचे होज फुगतात आणि जास्त पडलं तर तेलाचा थर बसून उष्णता अडते. त्या काळी दुसरं काही हाताशी नव्हतं.

आणि वरच्या होजच्या तोंडात, रेडिएटरच्या बाजूला, जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा पिशवीसारखा बसव. किती धुतलं तरी काही पापुद्रे राहतात आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सुटतात. ते मोज्यात अडकतील, नव्याने साफ केलेल्या जाळीत जाणार नाहीत. पन्नास किलोमीटरला उघडून बघायचा, भरला की बदलायचा, काही येईनासं झालं की काढून टाकायचा. विसरू नकोस, बुजलेला मोजा हाही अडथळाच.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ९.००

कूलंट कुठला? हिरवा, लाल, निळा... दुकानात गेलं की गोंधळ होतो. आणि बॅटरीचं पाणी की एसीचं?

लिटमस | मंगळवार, सकाळी ११.२०

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. डब्यावर वाचा. तांबे-पितळ आणि डाख असलेल्या जुन्या गाडीला सिलिकेट असलेलं पारंपरिक कूलंट घ्या, दोन वर्षांनी बदलायचं. पाच वर्षं टिकणारी नवी सेंद्रिय आम्लांची कूलंटं ॲल्युमिनियमच्या गाड्यांसाठी बनवलेली आहेत, डाखेला ती तितकी मानवत नाहीत. दोन प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत.

पाणी म्हणाल तर बॅटरीचं, डब्यातलं. एसीच्या नळीतलं पाणी क्षारविरहित असतं पण धूळ आणि जंतू घेऊन येतं. आरओचं पाणी क्षारमुक्त नसतं, फक्त कमी क्षारांचं असतं.

प्रमाण: पुण्यात गोठण्याची भीती नाही, पण गंजरोधक त्या कूलंटमध्येच असतात म्हणून एक तृतीयांश कूलंट, दोन तृतीयांश पाणी. अर्धं-अर्धं करू नका. कूलंटमधलं मुख्य द्रव्य, ग्लायकॉल, पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, घाटात काटा थोडा वर राहील.

एक कळकळीची विनंती. ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. पार्किंगमध्ये सांडलं तर सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पसरट परातीत झेला, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुनं गटारात ओतू नका, ते शेवटी मुठेत जातं. एखाद्या मोठ्या गॅरेजला विचारा, ते त्यांचा घातक कचरा वेगळा देतात, त्यात घेतील.

फियाटवाली | चौथा रविवार, रात्री ९.४०

झालं!

रेडिएटर शुक्रवारी आला. कारागिराने वरची टाकी उघडून दाखवली, चौदा नळ्या पूर्ण बंद होत्या. आता एकही नाही. पितळेच्या टिकल्या नाना पेठेत मिळाल्या, पण तिसऱ्या दुकानात. मी जुनी टिकली आणि व्हर्नियर दोन्ही घेऊन गेले होते म्हणून नेमका आकार मिळाला. अंदाजाने आणू नका. पंपही तिथेच.

लिंबूसत्व दोनदा फिरवलं. पहिलं पाणी चहासारखं झालं, दुसरं फिकट पिवळं. तिसऱ्याची गरज वाटली नाही. सोड्यानंतर टॉर्च मारून भोकातून पाहिलं होतं, आतलं बीड राखाडी, कोरडं, नवं दिसत होतं. टिकल्या बसवायच्या आधीच पाहायला हवं होतं असं बाबा म्हणाले, म्हणून कॉकच्या भोकातून पाहिलं, तेवढंच दिसलं.

कूलंट भरताना पुस्तकात दिलेला आकडा बरोबर भरला. पाऊण लिटर परत मिळालं.

झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, होज दाबत राहिले, हवा बुडबुड करत निघाली, पाणी खाली गेलं की भरत गेले. थर्मोस्टॅट उघडल्याचं वरच्या होजला हात लावून कळलं, एकदम गरम झाला. मग बंदुकीने मोजलं: हेड पुढे ८३, मागे ८८.

दापोडी_निवृत्त | सोमवार, सकाळी ६.५०

पाच अंशांचा फरक राहणारच. शाब्बास पोरी.

मॉरिस_४८ | सोमवार, सकाळी ९.१०

अभिनंदन. एक तपासणी अजून: मल्टीमीटरचं काळं टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल टोक कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. ०.१ व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर कुठेतरी अर्थिंग सैल आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. तेव्हा सर्वांत आधी ॲल्युमिनियमचं हेड झिजतं.

फियाटवाली | सोमवार, रात्री ८.००

मोजलं. ०.२६ आलं! इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी हिरवी पडली होती. घासून, नवे बोल्ट लावून पुन्हा मोजलं, ०.०४. तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं.

फियाटवाली | आठवा बुधवार, रात्री ९.१५

काल जेजुरीला जाऊन आलो. चंपाषष्ठीची गर्दी ओसरल्यावर, मुद्दाम सकाळी सहाला निघालो. आजी पुढे, बाबा मागे.

दिवे घाट दुसऱ्या गियरमध्ये चढलो. मध्ये ऊस भरलेला ट्रक पुढे होता म्हणून शेवटची दोन वळणं पहिल्यातच घेतली. काटा ९२ वर गेला, वर पोहोचल्यावर पाच मिनिटांत ८४ ला आला. सासवडला थांबून झाकणाला हात लावला नाही, फक्त खाली वाकून पाहिलं, टिकल्या कोरड्या.

आजीला गडावर नेता आलं नाही, तिने पायथ्यापासूनच हात जोडले. परत येताना ती म्हणाली, "घाटात थांबायचं नाही का?" आजोबा दर वेळी दिवे घाटात थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालत. तिला वाटायचं ते तिला खालचं पुणं दाखवायला थांबतात. मग मी उतारावर मोकळी जागा बघून गाडी लावली आणि आम्ही तिघं थोडा वेळ तिथे उभे राहिलो.

आज मोजा उघडला. साधारण १३० किलोमीटर झाले. चिमूटभर काळे कण आणि एक नखाएवढा पापुद्रा. काका, अजून एक फेरी ठेवू की काढू?

दापोडी_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६.४०

धुऊन अजून दोनशे किलोमीटर ठेव. पापुद्रा आला म्हणजे अजून एखादा येईल. मग काढ.